डेटाबेस सर्व्हरचे एन्क्रिप्शन नऊ दिवस बंद राहिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दूरस्थ डेटाबेस सर्व्हरवरील एसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारी व्यवस्था) पूर्वसूचनेविना बंद राहिल्याबाबत आणि सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र) पडताळण्याची सोय नसल्याबाबत.

महोदय,

आमचे वेब अ‍ॅप्लिकेशन दवाखान्यांतील रुग्णांच्या भेटींच्या वेळा नोंदवते आणि त्याचा पोस्टग्रेस्क्यूएल डेटाबेस दोन वर्षांपासून आपल्या सर्व्हरवर आहे. अ‍ॅप्लिकेशन एकीकडे आणि डेटाबेस दुसरीकडे असल्यामुळे आमची प्रत्येक क्वेरी सार्वजनिक नेटवर्कवरून जाते. म्हणूनच ‘सर्व कनेक्शन एन्क्रिप्टेड असतात’ हे करारातील वाक्य पाहून आम्ही आपली सेवा घेतली. मागच्या देखभालीनंतर नऊ दिवस ते वाक्य खरे नव्हते.

त्या रात्री आपण आमचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला. पोस्टग्रेस्क्यूएलच्या मूळ सेटिंगमध्ये एसएसएल बंद असते. जुन्या सर्व्हरवर ते सुरू केलेले होते, नव्यावर करायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप्लिकेशन नेहमीसारखे चालले, एकही एरर आली नाही, आणि आमचा मुख्य आक्षेप नेमका यावर आहे. आपल्या मार्गदर्शिकेतील नमुना कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसशी कसे जोडायचे हे सांगणाऱ्या ओळीत) ‘एसएसएलमोड’ हा ‘प्रिफर’ ठेवलेला आहे आणि आम्ही ती स्ट्रिंग विश्वासाने तशीच वापरली होती. या मोडमध्ये क्लायंट, म्हणजे आमचे अ‍ॅप्लिकेशन, आधी एसएसएल मागतो, सर्व्हर ‘एस’ (होय) किंवा ‘एन’ (नाही) अशा एकाच अक्षराने उत्तर देतो, आणि ‘एन’ आले की क्लायंट काहीही न कळवता उघड्या कनेक्शनवर काम सुरू करतो. हे अक्षर एन्क्रिप्शन सुरू होण्यापूर्वीच येत असल्यामुळे वाटेत बसलेला कोणीही ‘एस’च्या जागी ‘एन’ पाठवू शकतो, म्हणजे सर्व्हरवर एसएसएल सुरू असतानाही या मोडवर विसंबता येत नाही. एका वेगळ्या कामासाठी ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ (कोणते कनेक्शन एन्क्रिप्टेड आहे हे दाखवणारी डेटाबेसमधील यादी) उघडले आणि आमच्या एकूण एक कनेक्शनपुढे एसएसएल नसल्याचे दिसले, तेव्हा कुठे हा प्रकार लक्षात आला.

तक्रार केल्यावर तासाभरात एसएसएल सुरू झाले, त्याबद्दल आभारी आहोत. परंतु त्यासोबत आलेले उत्तर समाधानकारक नाही. लॉगिनसाठी ‘स्क्रॅम-शा-256’ (पासवर्ड न पाठवता तो पडताळण्याची पद्धत) वापरले जात असल्याने पासवर्ड उघडा गेला नाही, असे आपल्या प्रतिनिधींनी लिहिले. ते बरोबर आहे, मात्र स्क्रॅमचे काम लॉगिनपाशी संपते. त्यानंतरचा सगळा डेटा, म्हणजे रुग्णांची नावे, मोबाइल क्रमांक आणि त्यांनी कोणत्या तज्ज्ञाची वेळ घेतली हे तपशील, नऊ दिवस साध्या मजकुराच्या रूपात ये-जा करत होता. पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बदलला. कोणी कर्करोगतज्ज्ञाची वेळ घेतली होती ही माहिती एकदा बाहेर गेली तर आम्ही काय बदलणार?

पुढच्या उत्तरात ‘रिक्वायर’ मोड पुरेसा असल्याचे सांगण्यात आले. तो आम्ही लगेच लावला, कारण निदान एसएसएल नसेल तर आता कनेक्शनच होणार नाही. पण समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे का, हे तो मोड तपासत नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ हवा, आणि तो आपल्याकडे चालूच शकत नाही: आपले सर्टिफिकेट स्वस्वाक्षरीत (कोणत्याही मान्य संस्थेने नव्हे, स्वतःच प्रमाणित केलेले) आहे, त्यावरील नाव आपल्या अंतर्गत मशीनचे आहे, आम्ही ज्या होस्टनेमला (सर्व्हरच्या नेटवर्कवरील नावाला) जोडतो ते त्यात नाही. पडताळणीचा आग्रह सोडावा हा प्रतिनिधींचा सल्ला आम्हाला मान्य नाही.

तरी आम्ही ज्या होस्टनेमला जोडतो त्याच नावाचे सर्टिफिकेट बसवावे आणि त्याचे रूट सर्टिफिकेट (ज्याच्या आधारे ते पडताळता येते ते मूळ प्रमाणपत्र) ग्राहकांना उपलब्ध करून द्यावे. ‘पीजी_एचबीए’ फाइलमध्ये (कोणाला कसे जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या फाइलमध्ये) आमच्यासाठी असलेली ‘होस्ट’ ही नोंद बदलून ‘होस्टएसएसएल’ करावी, म्हणजे साधे कनेक्शन सर्व्हरच नाकारेल. तीच नोंद आज जगातील कोणत्याही आयपी पत्त्याला मुभा देते. आमच्या दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरचे पत्ते सुरुवातीलाच कळवलेले असताना 5432 हा पोर्ट (डेटाबेसचे नेटवर्कवरील प्रवेशद्वार) सर्वांसाठी उघडा का ठेवला, याचेही उत्तर मिळावे. मार्गदर्शिकेतील नमुना स्ट्रिंगही दुरुस्त करावी, कारण ती वापरणारे आम्ही एकटेच ग्राहक नसणार.

त्या नऊ दिवसांत आमच्या डेटाबेसशी कोणकोणत्या पत्त्यांवरून कनेक्शन झाले, याच्या लॉगची प्रत सात दिवसांत लेखी उत्तरासह पाठवावी. संबंधित दवाखान्यांना काय कळवायचे, हे आम्ही ती पाहिल्यानंतरच ठरवू शकतो.

आपला विश्वासू,
तांत्रिक प्रमुख