दवाखान्याआधीच्या उपचारांचाही अभ्यास व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘रुग्णवाहिका वाढवा’ असं निवेदन आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून वारंवार जातं, आणि ते जायलाच हवं. जंगलातल्या काही वाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोचतच नाही, रुग्णाला आधी रस्त्यापर्यंत उचलून आणावं लागतं. मी याच भागात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली आहे, म्हणून आणखी एक मागणी करते. दवाखाना गाठण्याआधी रुग्णासाठी जे काही केलं जातं, त्यातलं नेमकं काय जीव वाचवतं याचा अभ्यास आपल्या जिल्ह्यात व्हावा.

अभ्यास कसला, आधी गाड्या द्या, असं कुणी म्हणेल. पण सोयी वाढवल्या म्हणजे जीव वाचतातच असं नाही. कॅनडात ओंटारिओ प्रांतातल्या १७ शहरांत रुग्णवाहिकेत विजेचा झटका देऊन हृदय सुरू करायचं यंत्र आधीच होतं. पुढे त्यात श्वासनलिकेत नळी घालणारे, शिरेतून औषधं देणारे प्रशिक्षित कर्मचारीही आले. २००४ साली निष्कर्ष छापून आला. हृदय बंद पडलेल्यांपैकी वाचून घरी गेलेले आधी ५.० टक्के होते, नंतर ५.१ टक्के. कोसळल्याबरोबर शेजारच्या माणसाने छाती दाबायला घेतली होती, अशा रुग्णांची वाचण्याची शक्यता मात्र कितीतरी अधिक होती. हे मोजलं म्हणून कळलं. पण तिथे गाडी काही मिनिटांत दारात येते. तिथलं उत्तर आमच्या जंगलातल्या कणकुंबीला कसं चालेल?

आणि असं संशोधन आपल्याकडे जमणार नाही, हे मला अजिबात मान्य नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर याच जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनी निम्म्या जणींना बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टोल या औषधाच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी. गेलेलं रक्त अंदाजाने सांगायचं नाही, तर खुणा केलेल्या प्लॅस्टिकच्या कापडात जमवून मोजायचं, असा नियम होता. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. मोठं यंत्र नाही, तज्ज्ञ डॉक्टर शेजारी नाही. नर्सबाई, गोळी आणि चोख नोंद. मला याचा फार अभिमान वाटतो.

आता तीच शिस्त हृदयविकार, सर्पदंश आणि महामार्गावरच्या अपघातांना लावावी. तामिळनाडूत छोटे दवाखाने, १०८ रुग्णवाहिका आणि मोठी रुग्णालयं एका साखळीत जोडून पाहिली, तेव्हा हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांतले वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. आपल्याकडे तर सीमेचा पेच आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो, कर्नाटकातल्या निपाणीचा कोल्हापूरला जातो, आणि १०८ सेवा दोन्ही राज्यांची वेगळी. फोन कधी केला, घाबरलेल्या मराठी माणसाला पत्ता समजावून सांगायला किती वेळ लागला, गाडी कधी निघाली, पहिला उपचार कुणी केला, रुग्ण महिन्यानंतर हयात आहे का, हे सगळं एकाच नोंदीत आलं पाहिजे.

अशा अभ्यासासाठी बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी नीतिसमितीची मंजुरी तर हवीच, शिवाय ग्रामसभेत मराठीत आणि कन्नडमध्ये सगळं आधी समजावून सांगावं. लोकांना अंधारात ठेवून हे काम करू नये.

बिम्स हे बेळगावचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज आणि दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून खानापूर आणि चंदगड या दोन तालुक्यांपासून सुरुवात करावी. नोंदी ठेवायला माझ्यासारख्या निवृत्त सेविका लागल्या तर बोलवा, मी विनामोबदला येईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
खानापूर, जि. बेळगाव