टॉवेलचे पैसे कोण भरतो

एडिसन, न्यू जर्सी
२६ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

भाऊबीजेला ताईने फोनवरच ओवाळलं तेव्हा बोलणं झालं म्हणायचं, पण त्या गोंगाटात बाबा ‘सगळं ठीक’च्या पुढे सरकले नाहीत आणि आईचा सगळा वेळ मी हडकलोय यातच गेला. आई, हडकलो नाहीये गं. खोलीत उजेड कमी होता. म्हणून हे लिहून ताईला पाठवतोय, ती वाचून दाखवेल.

फराळाचं मनाला लावून घेऊ नकोस. पोस्टातून तुला डबा परत आणावा लागला यात त्या खिडकीवरच्या माणसाचा काही दोष नाही. इथल्या सरकारने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्टपासून काढून टाकली. आता कर लागणार, पण तो गोळा कुणी करायचा आणि इथे भरायचा कसा, याचा कुणालाच पत्ता नव्हता. विमानवाले टपाल घेईनात, मग आपल्या टपाल खात्याने बुकिंगच थांबवलं. गंमत बघ, १०० डॉलरच्या आतल्या भेटवस्तूला कर नव्हताच, तरी तुझ्या चकल्या अडकल्या. १५ ऑक्टोबरला बुकिंग सुरू झालं तेव्हा वसुबारस दोन दिवसांवर आली होती. माझं काही अडलं नाही. इथे ओक ट्री रोडला सगळं मिळतं. शेंगाची चटणीसुद्धा मिळाली. तिला सोलापुरी म्हणतात, म्हणोत बापडे.

बाबा, तुम्ही ताईकरवी विचारलंत की ट्रम्प आपल्याकडून पन्नास टक्के घेतो, ते तुझ्या पगारातून कापतात का. नाही. माझ्या पगाराचा आणि त्याचा काही संबंध नाही. पण हे नीट सांगायचं तर आधी इथली एक रीत सांगावी लागेल, जी मला अजून पचलेली नाही.

इथे दुकानात लिहिलेली किंमत खरी नसते. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापली, सर्व करांसहित, की विषय संपला. इथे एमआरपी हा प्रकारच नाही. टॉवेलवर ९.९९ डॉलर लिहिलंय म्हणून तुम्ही दहाची नोट काढून उभे राहिलात तर काउंटरवरची पोरगी म्हणते, १०.६५. वरचे ६६ सेंट हा राज्याचा विक्रीकर, ६.६२५ टक्के. सरळ साडेसहा नाही की सात नाही! बरं, तो सगळ्यावर सारखा नाही. अंगावरच्या कपड्यांना कर नाही, पण टॉवेल कपड्यात धरत नाहीत. कागदी टॉवेल, पुसला आणि फेकला, त्याला माफी. सुती टॉवेल, जो दहा वर्षं टिकेल, त्याला कर. शेजारच्या डेलावेअर राज्यात हा कर मुळीच नाही, म्हणून लोक टीव्ही घ्यायला तिकडे गाडी काढतात आणि पेट्रोलचा हिशेब धरत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या एकाला विचारलं, अरे, आधीच बेरीज करून का लिहीत नाही? तर म्हणे, सरकार आपल्याकडून किती घेतं ते माणसाला दिसायला नको का!

पण मग टॅरिफ, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरचा तुम्ही विचारलेला तो पन्नास टक्के कर, का दिसत नाही? ते पावतीवर कुठेच नसतं. ६६ सेंट ठळक छापतात आणि त्याच्या दुपटीहून जास्त रक्कम आत मुरलेली असते तिचं नाव नाही.

तो पैसा ना भारत सरकार भरतं, ना तुमच्या टॉवेल कारखान्याचे मालक. माल इथल्या बंदरात उतरला की इथला आयात करणारा कस्टम्सला भरतो. समजा टॉवेल त्याला तीन डॉलरला पडला. ७ ऑगस्टपासून त्यावर २५ टक्के होते, २७ ऑगस्टपासून रशियाच्या तेलाच्या नावाने आणखी २५. म्हणजे दीड डॉलर. बांगलादेश आणि व्हिएतनामला २०, पाकिस्तानला १९. तिथून आणला तर साठ सेंटांत काम भागतं. मग तो तुमच्या मालकांना फोन करून सांगतो की भाव पाडा, नाहीतर पुढची ऑर्डर तिकडे देतो. कायद्याने कर त्याचा, पण त्यातला निम्मा तो फोनवर सोलापूरला पाठवून देतो. २७ ऑगस्टआधी जहाजावर चढून १७ सप्टेंबरच्या आधी इथे सुटलेला माल या जादा २५ टक्क्यांतून वाचला. जुलै-ऑगस्टात तुमच्याकडून ओव्हरटाइम करून घेतला आणि आता आठवड्यातले दोन दिवस माग बंद ठेवतात, ते त्यामुळेच असणार. तुम्ही मला सांगितलं नाहीत. ताईने सांगितलं.

परवा दुकानात मुद्दाम टॉवेलांच्या रांगेत गेलो. एक उचलून उलटा केला, ‘मेड इन इंडिया’ होता. लूप दाट होती, पण काठाची शिलाई एकेरी. तुम्ही तो बाजूला काढला असता. किंमत तीच, ९.९९. जुना साठा असेल, किंवा दुकानदार दिवाळीसारखा इथला नाताळ जाईपर्यंत दम धरून असेल. पण भाव वाढला नाही म्हणून मला बरं वाटलं नाही. इथे वाढला नाही, तर तो कुठेतरी निघत असणार.

दाजींना माझा नमस्कार सांगा आणि कापसाचा विषय काढू नका. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टला काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. कारखान्यांना सूत परवडावं, टॅरिफचा मार जरा हलका व्हावा, हा हेतू. बाबांच्या मालकांना बरं झालं. पण परभणीत दाजींच्या शेतात पावसाने बोंडं सडली, हाताला लागलं त्याला व्यापारी हमीभावाच्या, क्विंटलला ८,११०च्या, आसपासही यायला तयार नाही. एका जावयाचं शुल्क काढून सासऱ्याचा माग चालवायचा म्हणजे ताईने कुणाकडून बोलायचं?

आता तुमच्या काळज्या. एक लाख डॉलरची ती नोकरीच्या (एच-१बी) व्हिसाची फी नव्याने बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे, इथे असलेल्यांना नाही. तरी मामांना सांगा, त्यांच्या धाकट्याने इंग्लंड-जर्मनीचंही बघावं. ८८ लाख रुपये भरून कुठली कंपनी त्याला आणणार? माझी नोकरी आहे. आमच्या मजल्यावरची काही टेबलं रिकामी झालीत, पण माझ्या विभागात काम भरपूर आहे.

पैसे पाठवण्यावर कर बसणार हेही अर्धंच खरं. १ जानेवारीपासून एक टक्का, तोसुद्धा रोख वगैरे देऊन पाठवणाऱ्यांना. मी बँकेतून पाठवतो, मला नाही. उलट डॉलर ८८च्या वर गेल्याने या महिन्यात तुम्हाला थोडे जास्तच आले असतील. ज्या गोष्टीने तुमचे माग थांबले तिनेच माझे रुपये वाढले, हे मला लिहायचं नव्हतं. बाबा, त्यातले वापरा, एफडी करत बसू नका. आणि रात्रीच्या रखवालदारीचं जे ऐकलं ते करू नका.

पुण्याच्या स्थळाचं. पूर्वी मुलीचे वडील ग्रीन कार्ड कधी विचारायचे, आता परत कधी येणार विचारतात, त्यांचंही चुकत नाही. पण गड्ड्याच्या यात्रेला मी येऊ शकत नाही. सप्टेंबरपासून पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिकडे प्रत्यक्ष मुलाखत लागते, तारखा मिळत नाहीत, आणि तिकडे अडकलो तर नोकरी जाईल. मुलीशी व्हिडिओवर बोलायला माझी तयारी आहे. आई, यावर रडू नकोस. उन्हाळ्यात नक्की बघतो.

तुमचा,
बाळू

ता. क. व्हिसा कधीपर्यंत आहे असं पुण्याच्या मंडळींनी विचारलं तर २०२७ हेच सांगा, मामी सांगतात तसं ‘कायमचाच आहे’ म्हणू नका.