पालकाचे गोडवे पुरे, मेथीचेही आकडे छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत मागच्या आठवड्यात हिवाळ्यातल्या पालेभाज्यांवर पानभर मजकूर आला होता. फोटो छान होते, पण मजकुरात परत तेच, हिमोग्लोबिन वाढवायचंय तर पालक खा, हाडांसाठी पालक खा, आणि मेथीला शेवटी दोन ओळी, त्या पण शुगरवाल्यांना चांगली एवढ्यापुरत्याच. आपल्या सांगलीत थंडीत कृष्णाकाठच्या मळीतली मेथी मंडईत ढिगानं येते, पेंडीचा भाव पडला की शेतकरी रडकुंडीला येतो, आणि आपण मात्र मेथी म्हणजे गरिबाची भाजी, भाकरीबरोबर तोंडी लावायची, असं धरून चालतो आणि मुलांच्या डब्यासाठी हॉटेलसारखं पालक पनीर करतो. हे कुठंतरी थांबायला पाहिजे असं मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

आकडे माझे नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढलेत, देशभरातनं नमुने आणून लॅबमध्ये तपासून पाचशेवर पदार्थांचे. त्यात १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण २.९५ मिलिग्रॅम आहे आणि तेवढ्याच मेथीत ५.६९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कॅल्शियम पालकात ८२ मिलिग्रॅम आणि मेथीत २७४. सी व्हिटॅमिन ३० ला ५८, प्रोटीन २.१ ग्रॅमला ३.७, फायबर पण मेथीत दुप्पट. पालकात पाणीच ९० टक्के असतं, म्हणून तर कढईभर पालक शिजल्यावर वाटीभर होतो.

पालक एका गोष्टीत पुढं आहे आणि ती लहान नाही, ती म्हणजे फोलेट, बी गटातलं एक व्हिटॅमिन. पालकात १४२ मायक्रोग्रॅम आणि मेथीत ७५. दिवस राहायच्या आधीपासून आणि पहिल्या महिन्यांत बाईच्या अंगात फोलेट नीट पाहिजे, नाहीतर बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहू शकतो, म्हणून डॉक्टर फोलिक ॲसिडची गोळी देतात. तर लग्न झालेल्या मुलींनी पालक जरूर खावा, गोळी सोडून नव्हे, गोळीबरोबर.

पण कॅल्शियमचं जे सांगतात ते ऐकून मला खरंच राग येतो. पालकात ऑक्सलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि आतड्यातनं ते अंगात जाऊच देत नाही. १९८८ साली अमेरिकेत माणसांवर मोजून बघितलंय, पालकातलं कॅल्शियम जेमतेम ५ टक्के अंगी लागलं, आणि दुधातलं २७ टक्क्यांवर. म्हणजे हिशोब करा, १०० ग्रॅम पालकातल्या ८२ मिलिग्रॅमपैकी हाती येतात चार. मेथीत ऑक्सलेट पालकाच्या मानानं फारच थोडं, त्यामुळं तिच्यात जे आहे त्यातलं बरंच कामाला येतं. गुडघे दुखतात म्हणून पालक खाणाऱ्या आज्ज्या आमच्या गल्लीत आहेत, त्यांना हे कुणी सांगत नाही.

आणि तो पालक ज्यूस! सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्यात हल्ली ग्लासभर कच्च्या पालकाचा रस प्यायचं फॅड आलंय. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय, किंवा घरात होतो, त्यांनी तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात करू नये, कारण बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्सलेटचेच असतात आणि रस म्हटलं की एका ग्लासात अख्खी पेंडी जाते. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर ऑक्सलेट बरंच कमी होतं, पण त्याच पाण्यात फोलेट आणि सी व्हिटॅमिन पण जातं, म्हणजे ज्यासाठी पालक खायचा तेच मोरीत. ज्यांना खड्याचा त्रास नाही त्यांनी आपलं डाळ-शेंगदाणे घालून गरगट करावं, पाणी आतच राहतं.

मेथीचं पण आपण असंच करतो. कडू लागते म्हणून चिरून मीठ लावतात, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळतात आणि हिरवं पाणी ओतून देतात. कृपा करून हे करू नका. कडू नकोच असेल तर कांदा जरा जास्त घाला, मूगडाळ घाला, आणि पिळलंच तर ते पाणी थालीपिठाच्या पिठात वापरा. मेथी आधी धुवा मग चिरा, चिरून धुतली की परत तेच. आणि आपल्याकडं कोवळी मेथी नुसती कच्चीच, वर कांदा, मीठ, तेल आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाकरीबरोबर खातात ना, ही पद्धत फार चांगली आहे, सी व्हिटॅमिन शिजून जात नाही आणि लिंबू पिळलं तर लोह पण जास्त लागतं, कारण पालेभाजीतलं लोह मटणातल्या लोहासारखं सहज अंगी लागत नाही, त्याला सी व्हिटॅमिनची मदत लागते. फक्त जेवल्या जेवल्या चहा नको, त्यानं लोह अडतं. कच्ची खायची तर माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यानं धुवायची.

बाजाराचा हिशोब मात्र पालकाच्या बाजूनं आहे हे पण सांगितलं पाहिजे. मेथी निवडली की पेंडीतली निम्मी काडी जाते आणि वेळ जातो तो वेगळाच, पालकाचे देठ सुद्धा खाता येतात. कामावर जाणाऱ्या बाईनं पालक उचलला तर तिला नावं ठेवू नयेत. म्हणून मेथी निवडायला घरातल्या पुरुषांना आणि पोरांना बसवावं, टीव्हीसमोर होतं ते काम.

आता हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्यात रक्त कमी निघालंय, आणि पाच वर्षांखालच्या पोरांच्यात ६८.९ टक्के. दोनातली एक बाई! बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० साली ठरवलंय. १०० ग्रॅम मेथीतनं त्याचा पाचवा हिस्सा मिळतो, पालकातनं दहावा. म्हणजे हिमोग्लोबिन आठवर आलेल्या मुलीला पालक, मेथी, बीट काहीही घाला, तेवढ्यावर भरून निघत नाही, तिला डॉक्टरकडं न्यायचं आणि गोळ्या सुरू करायच्या. शाळेत पोरींना आठवड्याला ती निळी गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. पोटात मळमळतं म्हणून पोरी ती बाकाखाली टाकतात आणि आया म्हणतात असू दे, घरी पालक देतो. ती गोळी जेवणानंतर द्या पण द्या. तुमच्या लेखात या गोळीचं नावसुद्धा नव्हतं याचं जास्त वाईट वाटलं.

एक फॉरवर्ड पण फिरतंय, की जुन्या काळी कुणा शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं म्हणून पालकाचं लोह दहापट छापलं गेलं आणि खरं तर पालकात काहीच नाही. हे पण खरं धरू नका. २०१० साली माईक सटन नावाच्या ब्रिटिश अभ्यासकानं त्या गोष्टीचा माग काढला तर तिला पुरावाच सापडला नाही. पालकात लोह आहे, पण मेथीत जास्त आहे, एवढंच. आणि जे वॉरफरीनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेतात त्यांनी कुठलीच पालेभाजी एकदम वाढवू नये की एकदम बंद करू नये, पालेभाज्यांत के व्हिटॅमिन भरपूर असतं आणि गोळीचा डोस त्यावर हलतो.

साहेब, तुम्ही रोज मार्केट यार्डाचे भाव छापता. त्याच्या शेजारी आठवड्यातनं एकदा एका पालेभाजीचे आकडे छापा, १०० ग्रॅमला किती, कच्ची की शिजलेली, आणि कुठल्या तक्त्यातनं घेतले ते. पोकळा, चाकवत, शेपू, करडई, तांदुळजा, आपल्याकडं काय कमी भाज्या आहेत का. सुरुवात शेवग्याच्या पाल्यापासून केलीत तर फार बरं होईल, त्याच २०१७ च्या तक्त्यात त्याचं कॅल्शियम ३१४ मिलिग्रॅम आणि सी व्हिटॅमिन १०८ आहे, आणि आपल्याकडं शेंगा तेवढ्या काढून घेतात आणि पाला शेळीपुढं टाकतात.

आपली एक वाचक,
सांगली