दुखण्याची गोळी बिननावाची नको: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

बार्शी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी ती पोचेल. महाराष्ट्रात सांधेदुखीची, अंगदुखीची एकही गोळी बिननावाची कुणाच्या हातात पडायला नको. मेडिकलमधून द्या नाहीतर दवाखान्यातून द्या, पण पाकिटावर मराठीत औषधाचं नाव पाहिजे, किती मिलिग्रॅम ते पाहिजे, किती दिवस घ्यायची ते पाहिजे, आणि देणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे की मावशी बीपीची गोळी चालू आहे का, किडनीचं काही आहे का, पोटात कधी अल्सर झालेला का, रक्त पातळ व्हायची गोळी घेता का. एवढं विचारायला एक मिनिट पुरतं.

माझ्या आईचं सांगते. वय ६७, दोन्ही गुडघ्यांची झीज, बीपी बऱ्याच वर्षांचं. बीपीची जी गोळी रोज सकाळी घेते तिच्यात टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन औषधं आहेत, दुसरं लघवी जास्त करणारं. ऐन उन्हाळ्यात भावकीतलं लग्न निघालं, उठबस झाली, गुडघे सुजले. गावातल्या दवाखान्यातून पुडी आणली, पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. फरक पडेना म्हणून मेडिकलमध्ये जाऊन "गुडघ्याची जरा पावरची द्या" म्हणून आणखी आणल्या, त्यांनी पट्टी कात्रीने कापून दिल्या, काही विचारलं नाही. मग पायावर सूज, लघवी कमी, जेवण नको, सारखी मळमळ. सोलापूरला नेलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न, दुखण्याची कोणती गोळी घेत होता?

आईने पिशवीतून स्टीलची डबी काढून टेबलावर ठेवली. आत दोन पांढऱ्या गोल गोळ्या, एक अक्षर नाही त्यांच्यावर, आणि पट्टीचा कापलेला तुकडा, ज्याच्यावर लाल रेघ होती आणि इंग्रजी नावाची शेवटची तीन-चार अक्षरं उरली होती, बाकीचं नाव आणि एक्सपायरीची तारीख दुकानात राहिलेल्या तुकड्यावर. डॉक्टरांनी तो तुकडा खिडकीकडे धरून वाचून बघितला. शेवटी दोन्हीकडे फोन लावले तेव्हा कळलं की दोन्ही गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅकच आहे. म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दिवसाला दोन गोळ्या हा ज्याचा नेहमीचा डोस आहे ते औषध आईच्या पोटात दुप्पट जात होतं, वरून बीपीची गोळी आणि वरून मे महिन्याचं ऊन.

गोळ्या बंद केल्या, सलाईन लावलं, किडनी सावरली, डायलिसिसची वेळ आली नाही. पण सगळ्यांचीच सावरत नाही साहेब.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावून सांगितलं ते मुद्दाम लिहिते कारण हे काउंटरवरच कुणीतरी सांगायला पाहिजे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, इटोरिकॉक्सिब या सगळ्या एकाच घरातल्या गोळ्या. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात त्यांनी सूज येते, दुखतं, आणि या गोळ्या ते पदार्थ तयार होणं थांबवतात म्हणून आराम पडतो. पण त्यातलेच काही पदार्थ पोटाच्या आतल्या अस्तराला ॲसिडपासून सांभाळतात आणि किडनीकडे रक्त नीट जाऊ देतात. ते कमी झाले की जठरात जखम होऊ शकते, किडनीचं रक्त कमी पडतं. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी अशा तिन्ही एकत्र आल्या आणि त्यात अंगातलं पाणी कमी झालं की किडनी अचानक बंद पडायचा धोका वाढतो, डॉक्टर लोकांना हे चांगलं माहीत आहे. महाराष्ट्रात बीपी आणि गुडघे दोन्ही असलेली म्हातारी माणसं घरोघरी आहेत, त्यांना हे कोण सांगणार?

आणि एक गैरसमज इतका पक्का बसलाय की त्याच्यावर सरकारी जाहिरातच पाहिजे. लोक म्हणतात गोळीने पित्त होतं तर सुई मारा. सुईतलं औषधसुद्धा रक्तातूनच सगळीकडे जातं, जठराचं संरक्षण तेवढंच कमी होतं. जेवून गोळी घेतली की जळजळ कमी वाटते, पण आतली जखम टळलीच असं नाही. डांबरासारखी काळी शौच झाली तर आत रक्त जातंय, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे किती घरांत माहीत आहे?

आता कायद्याचं. नवीन कायदा मागतच नाहीये मी. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक शेड्युल एचमध्ये आहेत, लाल रेघ त्यासाठीच असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. महेश झगडे तुमच्याच अन्न व औषध प्रशासनाचे (एफडीए) आयुक्त असताना चिठ्ठीशिवाय विक्री आणि दुकानात फार्मासिस्टच हजर नसणं यावर राज्यभर कारवाई झाली होती, विरोधही झाला, पण होऊ शकतं हे दिसलं. दुकानाचं लायसन्स तुमच्या खात्याकडे, इन्स्पेक्टर तुमचे. आज तपासणीला गेलं तर बिलं आणि फ्रिज बघतात, त्यासोबत कापलेल्या पट्टीचं पाकीट कसं देता तेही बघा. गरीब माणूस पूर्ण पट्टी घेऊ शकत नाही हे मला माहीत आहे, कापून द्यायला माझी हरकत नाही, नाव लिहून द्या एवढंच. डॉक्टरांनी स्वतःच्या पेशंटला पुडी देणं बंद करा असंही म्हणत नाही, आमच्याकडे रात्रीअपरात्री त्याच पुडीचा आधार असतो. पण पुडीवर नाव लिहायला काय लागतं?

जोडगोळ्यांचा घोळ वेगळाच. एका गोळीत दोन-तीन औषधं, वर आकर्षक नाव, आत काय ते बारीक इंग्रजीत. केंद्राने २०१६ मध्ये ३४४ आणि २०२४ मध्ये १५६ अशा जोडऔषधांवर बंदी आणली, २०२४ च्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी पण आहे. जी चालू आहेत त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, मग माणूस तापाला वेगळी पॅरासिटामॉल घेतो आणि लिव्हरवर भार दुप्पट.

एक गोष्ट मला फार लागते. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि देशातली गिधाडं संपत आली. ते लक्षात आल्यावर सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं, माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरतात म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची केली, २०२३ मध्ये गुरांसाठीचं ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही बंद केलं. फार चांगलं काम झालं ते. औषध किडनीला काय करतं हे सरकारला कळतं आणि सरकार बाटलीच्या आकारापर्यंत जाऊन नियम करू शकतं, तर माणसाच्या पाकिटावर नाव लिहायचा नियमही पाळून घेऊ शकतं.

सगळ्यात जास्त काळजी ऊसतोड कामगारांची वाटते. दिवसभर कोयता चालवायचा, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, पाणी कमी प्यायचं कारण बायांना फडात आडोसा नसतो, आणि रात्री अंग ठणकतं म्हणून गोळी, सकाळी उठता यावं म्हणून परत गोळी. घाम, कमी पाणी आणि रोजची पेनकिलर, किडनीला यापेक्षा वाईट काय असणार.

आणि पावसाळ्यात डेंग्यू-चिकनगुनिया. ताप आला, सांधे धरले की लोक सरळ डायक्लोफेनॅकची सुई मागतात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत या गोळ्या-सुया नकोत, रक्तस्रावाचा धोका वाढतो, तोवर फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. एवढं एक वाक्य मेडिकलच्या काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलं तरी जीव वाचतील.

माझा पेनकिलरला विरोध नाही, हे स्पष्ट लिहिते. गुडघा दुखतो तेव्हा काय होतं ते मी रोज घरात बघते, संडासला बसता येत नाही, देवळाची पायरी चढता येत नाही. दुखण्याला औषध पाहिजेच, पण कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस, आणि आधी जे सोपं आहे ते. गुडघ्याच्या झीजेला डायक्लोफेनॅकचं जेल लावलं तर रक्तात फार थोडं जातं, आईला आता तेच दिलंय, सोबत मांडीचे व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा. गोळी लागलीच तर डॉक्टर ठरवतील आणि सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी देतील. आमवात म्हणजे ज्यात सकाळी अर्धा-पाऊण तास बोटं आखडलेली असतात, दोन्ही हातांचे सांधे सुजतात, त्यात तर नुसती पेनकिलर घेऊन सांधे वाकडे व्हायचे थांबत नाहीत, त्याला मेथोट्रेक्सेटसारखं औषध लागतं, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही. पण दुखणं गोळीने दाबलं जातं आणि माणूस तज्ज्ञाकडे पोचतो तेव्हा बोटं वाकलेली असतात.

तुमच्या खात्याकडून आणखी दोन गोष्टी हव्यात. "संधिवातावर जडीबुटी" म्हणून आठवडी बाजारात पुड्या विकतात, एका दिवसात गुडघा मोकळा. असल्या पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडतं, त्यांचे नमुने नियमित घ्या आणि निकाल मराठीत जाहीर करा. आणि औषधाने त्रास झाला तर कळवायचा केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ प्रत्येक मेडिकलमध्ये दिसेल असा लावायला सांगा. आरोग्यमंत्र्यांना पत्राची प्रत पाठवतेय, त्यांनी सरकारच्या "आपला दवाखाना" केंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत डायक्लोफेनॅकचं जेल कायम ठेवावं, आणि रोज पेनकिलर घेणाऱ्या साठीच्या पुढच्या लोकांचं क्रिएटिनिन तपासायला आशाताईंना सांगावं.

दसरा-दिवाळीत ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्याआधी पाकिटावर मराठी नाव आणि ते चार प्रश्न एवढं परिपत्रक काढा, आणि निदान साखर कारखान्यांच्या आसपासच्या मेडिकलमध्ये ते पाळलं जातंय का हे हंगामाच्या पहिल्याच महिन्यात इन्स्पेक्टर पाठवून बघा. उत्तराची वाट बघतेय.

आपली,
बार्शी तालुक्यातली एक लेक