सूचना : रविवारच्या वाचनासाठी फ्रेंच प्रतीकवादी कविता

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी साडेपाच वाजता, नेहमीच्याच जागी, आपण फ्रेंच प्रतीकवादी (म्हणजे भाव थेट न सांगता प्रतीकांतून सुचवणाऱ्या) कवितांतील प्रेम, नैराश्य आणि विस्मय या भावांचे वाचन करणार आहोत. प्रतीकवादाचा जाहीरनामा कवी झाँ मोरेआस यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केला असला, तरी त्याची मुळे बोदलेअर यांच्या १८५७ च्या संग्रहात असल्यामुळे (त्यातील सहा कवितांवर न्यायालयाने बंदी घातली होती) आरंभ तेथूनच करू.

अधिक वेळ मात्र व्हर्लेन यांच्या, शहरावर पाऊस पडावा तसे हृदयात रडू दाटल्याचे सांगणाऱ्या कवितेसाठी राखून ठेवला आहे. 'पाऊस पडणे' या फ्रेंच क्रियापदाला जसा खरा कर्ता नसतो, तसाच 'रडणे' या क्रियापदाचाही कर्ता त्यांनी काढून घेतला असून, हे दुःख अकारण आहे हीच त्यातली सर्वांत मोठी वेदना ठरते. मराठीत पाऊसही कोसळतो आणि रडूही कोसळते. त्यामुळे ही ओळ आपल्या भाषेत येऊ शकेल, असे मला मनापासून वाटते, म्हणून प्रत्येकाने तिचा स्वतःचा अनुवाद लिहून आणावा, ही आग्रहाची विनंती.

विस्मयासाठी रँबो यांचे स्वरांना रंग देणारे सुनीत घेऊ, ज्यात 'आ' काळा आणि 'ओ' निळा आहे. मालार्मे यांच्या कविता सावकाश वाचाव्या लागतात, म्हणून त्या पुढील बैठकीत घेऊ.

कवितांच्या प्रती बैठकीत मिळतील; कृपया वेळेवर यावे.