मालगुजाराच्या कोठ्याचे मोजमाप

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हिंगण्याच्या पुढे ज्या मालगुजारी वाड्याचे पडके आवार तू पाहिले आहेस, त्याची जमीन आता अकृषक झाली असून ले-आउटचे सिमेंटी खुंट थेट कुंपणाला येऊन भिडले आहेत. वाडा वाचणार नाही, असे मी धरूनच चाललो आहे. मालकांनी आत जायला परवानगी दिली आहे, तेव्हा जेसीबी येण्यापूर्वी सगळे मोजून कागदावर उतरवावे, म्हणून तुला लिहितो आहे.

फोटो काढायला पुष्कळ जण येतात, पण त्यांचा ओढा दिवाणखान्याच्या सागवानी खांबांकडे. मागच्या बैलांच्या कोठ्याकडे आणि धान्याच्या कोठाराकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजाराचा हक्क 1950 च्या कायद्याने गेला; त्याची शेती प्रत्यक्षात कशी चालत होती, हे दिवाणखान्यापेक्षा कोठाच अधिक सांगतो. दावणीच्या दगडांना आरपार भोके आहेत आणि दाव्यांनी घासून त्यांच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की बोट कुठेच अडत नाही. त्या भोकांमधले अंतर मोजले, तर एका वेळी किती बैल बांधले जात, याचा अंदाज बांधता येतो. कोठाराच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर चौकोनी खोबणी ओळीने आहेत. लाकूड कधीच चोरीला गेले. पण ओल आणि उंदीर यांपासून धान्य राखण्यासाठी येथे फळ्यांची उचललेली जमीन असावी, असे मला वाटते. नुसत्या फोटोत ती भिंतीची पडझडच वाटेल.

ढिगाऱ्यात देशी कवेलूंबरोबर मंगलोरी कौलेही सापडतात. मंगलोरचा पहिला कारखाना 1865 चा, त्यामुळे ते छप्पर त्याआधीचे नाही. भिंतींचे वय मात्र त्यावरून ठरवू नये, कारण कौले मागाहून बदललेली असू शकतात.

मातीच्या भिंतींचे कोपरे काटकोनात नसतात, म्हणून प्रत्येक खोलीच्या चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही घ्यावे लागतील. नकाशा 1:50 प्रमाणात काढू, उत्तर दिशा दाखवू आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी ठेवू. मौजा आणि जुना खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, लिहायलाच हवा. उद्या प्लॉटचे नवे क्रमांक पडले की जागा ओळखणेच अवघड होईल. वाड्यावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी, राहिलेले एक आजोबा गावात आहेत. कडबा कुठे रचत, बैलबंड्या कुठे सोडत, हे त्यांना जागेवर नेऊनच विचारावे, कारण घरी बसून विचारले की ते मालगुजाराच्या लग्नाच्या पंगतीवरच घसरतात!

तू येताना लेझर मीटर आण, कारण टेप ताणून धरला की भिंतीची मातीच सुटते. काम झाले की एक प्रत ग्रामपंचायतीला आणि एक नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला देऊ. पावसाळ्याआधीचा कोणताही रविवार मला चालेल. तुझा कोणता ते उलटटपाली कळव.

तुझा,
जुना वर्गमित्र