लग्नाआधीच्या मुंबई सहलीत घारापुरी न दाखवल्याबद्दल तक्रार

सांगली, 12 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सहल विभाग, सांगली कार्यालय

विषय : सोमवार, 3 फेब्रुवारीच्या मुंबई दर्शन सहलीत ठरलेली ठिकाणं न दाखवल्याबद्दल पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या मैत्रिणीचं लग्न शुक्रवारी, 7 तारखेला होतं. केळवणाला जेवण सगळेच घालतात, साडीही सगळेच देतात. आम्ही मैत्रिणींनी ठरवलं की हिला मुंबई दाखवायची. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि घारापुरीची लेणी बघायची तिची कॉलेजपासूनची इच्छा होती. तिथं शिवपार्वतीच्या लग्नाचं शिल्प आहे : पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी, पुरोहित म्हणून साक्षात ब्रह्मदेव. स्वतःच्या लग्नाआधी ते बघायचं, एवढ्यासाठी आम्ही आठ जणींनी तुमच्या विश्रामबागच्या कार्यालयात माणशी 3,400 रुपये भरले. बुकिंग करताना हे सगळं तुमच्या माणसाला सांगितलं होतं. त्यानं कागदावर घारापुरीच्या नावाखाली रेघही ओढली. तो कागद माझ्याकडे आहे.

बुकिंग रविवारचं होतं. निघायच्या तीन दिवस आधी तुमच्या कार्यालयातून फोन आला की गाडी दुसऱ्या ग्रुपला द्यावी लागतेय, तुम्ही रविवारी रात्री निघा, सोमवारी मुंबई बघा. मी विचारलं, कार्यक्रम तोच राहील ना? "एक दिवसानं काय फरक पडतोय ताई, सगळं तेच हाय." त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर नवीन कार्यक्रम आला. त्यातही घारापुरी होतं, सकाळी साडेनऊची बोट.

घारापुरीची लेणी दर सोमवारी बंद असतात. ही साप्ताहिक सुट्टी आहे, त्या दिवशी अचानक निघालेला आदेश नव्हे. मुंबईच्या सहली विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल तर अवघड आहे, आणि ठाऊक असूनही सांगितलं नसेल तर त्याहून अवघड आहे.

प्रवासाबद्दल तक्रार नाही. चालक दादा सज्जन, पेठ नाक्यापासून दादरपर्यंत गाडी जपून चालवली, मध्ये चहाला थांबले, हॉटेलची खोलीही स्वच्छ. तक्रार सुरू होते ती गेटवेवर. दादरला गाडीत चढलेला तुमचा गाईड आम्हाला थेट तिकीट खिडकीशी घेऊन गेला. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "आज सोमवार. लेणी बंद." गाईडनं आमच्याकडे बघितलं, आम्ही नवरीकडे. हातावर मेंदी काढायची बाकी म्हणून तिनं नखं वाढवली होती, ती कुरतडत ती कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ समुद्राकडे बघत होती. लग्नघरातून कशीबशी एक दिवसाची परवानगी काढून आलेली मुलगी, तिला आम्ही काय सांगणार?

गाईडचा उपाय म्हणजे अर्ध्या तासाची बंदरातली बोटफेरी, तीही आमच्या खर्चानं. ती आम्ही नाकारली. मग त्यानं वेळ भरून काढायला गेटवेची माहिती सुरू केली : ही कमान 1911 साली राजाराणीच्या स्वागताला बांधली. नवरीनंच त्याला थांबवलं. पंचम जॉर्ज 1911 मध्ये आले तेव्हा ही कमान उभीच नव्हती, ती पुरी झाली 1924 मध्ये. गाईडचे पैसे तुम्ही वेगळे घेतलेत, म्हणून हे लिहिलं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते सोमवारी उघडं असतं आणि घारापुरीहून आणलेली शिल्पं तिथं आहेत, ब्रह्मदेवाची मूर्तीसुद्धा. तुमच्या कार्यक्रमात ते दुपारी होतंच. गाईडला थोडी जाण असती तर त्यानं आम्हाला तेव्हाच तिकडे नेलं असतं आणि दिवस निम्मा तरी सावरला असता. त्यानं नेलं मशीद बंदरला, सुक्यामेव्याच्या दुकानात. "लग्नघर आहे, लागेलच की." कार्यक्रमात हे दुकान कुठंही नव्हतं. दोन तास तिथं गेले. दुकानदार आमच्यापुढे बेदाण्याची परात सरकवून म्हणाला, "खास माल आहे, सांगलीचा." आमच्यातल्या दोघी तासगावच्या, एकीच्या घरी बेदाण्याची शेड आहे. तिनं एक दाणा दातात धरला, परात परत सरकवली आणि म्हणाली, "गेल्या सालचा हाय." हसू आलं, पण ते दोन तास आमचे होते.

पुढं ट्रॅफिक लागला. संग्रहालयाच्या दारात पोचलो तोवर तिकीट खिडकी बंद झाली होती. 2004 पासून जागतिक वारसा यादीत असलेलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाडीच्या काचेतून दाखवलं गेलं, तेही माझ्या विरुद्ध बाजूला. मरीन ड्राइव्ह आणि म्हातारीचा बूट मात्र नीट पाहिले. त्याला ना तिकीट लागतं ना वार बघावा लागतो.

परत आल्यावर मी तुमच्या कार्यालयात गेले. तिथं पावतीच्या मागची ओळ दाखवण्यात आली : अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील. दरड कोसळली, समुद्र खवळला, संप झाला, तर अपरिहार्य हे मी समजू शकते. दर आठवड्याला येणारा सोमवार अपरिहार्य कसा? शिवाय तारीख आम्ही बदलली नव्हती, तुम्ही बदललीत. रविवारी लेणी उघडी होती.

भरपाई म्हणून पुढच्या सहलीत दहा टक्के सूट देऊ केलीत. ती सूट कुणी वापरायची? आमची मैत्रीण आता लातूरला सासरी आहे आणि लग्नाआधीची सहल लग्नानंतर होत नाही.

तुम्हीच दिलेल्या दरपत्रकाप्रमाणे माझी मागणी अशी : घारापुरीची बोट व प्रवेश माणशी 650, म्हणजे 5,200 रुपये. संग्रहालयाचं तिकीट माणशी 150, म्हणजे 1,200. गाईडचे 1,500. एकूण 7,900 रुपये. गाडी, हॉटेल, जेवण यांतला एक रुपयाही मागत नाही, कारण ते मिळालं. याखेरीज तुमच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर अजून "दर सोमवारी मुंबई दर्शन, घारापुरीसह" असं लिहिलेलं आहे. काल संध्याकाळी जाताना पाहिलं. तो फलक आधी उतरवा. लग्नसराई चालू आहे, दुसऱ्या कुणी नवरीला घेऊन यायच्या आत.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम खात्यावर जमा न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहे. तुमचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे असं मला ऐकवण्यात आलं, पण या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथंच तक्रार करता येते.

उत्तर लेखी द्यावं. फोन करू नये, तुमच्या कार्यालयाचं फोनवरचं बोलणं किती गोड असतं ते ऐकून झालंय.

आपली,
(सही)
आठही मैत्रिणींच्या वतीने,
विश्रामबाग, सांगली

सोबत : पावती, दरपत्रक आणि बदललेल्या कार्यक्रमाच्या संदेशाची प्रत.